भिंतीवरचा सालाम्पासू

बायजाबाईनं तिसऱ्यांदा स्टूल भिंतीशी ओढलं, पदर खोचला आणि वर चढली. सकाळपासून दोनदा तिनं तो मुखवटा काढून धान्याच्या कोठीमागं ठेवला होता आणि दोनदा तिच्या नवऱ्यानं, शालिकरामनं, एक शब्दही न बोलता तो परत खिळ्याला लावला होता. दुपारचे दोन वाजून गेले होते. चार वाजता लेकीला, उत्तराला, पाहायला पाहुणे येणार होते, पोह्यांचा कांदा अजून चिरायचा होता, आणि घरची बाई स्टुलावर चढउतार करत होती.

"उतर वं खाली. पडशील," खिडकीत आरसा टेकवून दाढी करता करता शालिकराम म्हणाला.

"पडली त बरं होईन. पाहुणे मले पाह्यतीन, भिंतीकडे त नाही पाहणार."

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला घेतला. नवरा मिलिटरीतला म्हणजे ऐकणारा, शिस्तीचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा संसार करून पाहावा. उभी नोकरी मिलिटरीच्या दवाखान्यात साहेबांचे हुकूम झेलण्यात गेलेला हा माणूस घरात म्हणून कुणाचं ऐकत नसे. बायजाबाईनं मुखवटा काढला, काखेत मारला आणि खाली उतरली. शालिकराम अर्ध्या दाढीनिशी उठला, तिच्या काखेतून तो अलगद काढून घेतला आणि जागच्या जागी लावून पुन्हा आरशापुढं बसला. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली आणि कांद्यावर राग काढू लागली.

मुखवटा चांगला हातभर लांब होता. आफ्रिकेत काँगो नावाचा देश आहे, तिथं सालाम्पासू म्हणून लोक राहतात, त्यांच्यातल्या कुणीतरी तो एका अखंड लाकडातून कोरलेला. कपाळ पालथ्या कढईसारखं पुढं आलेलं, त्याखाली खोल गेलेल्या डोळ्यांच्या चिरा, रुंद तिकोनी नाक आणि चौकोनी उघडं तोंड, त्यात टोकदार दात. चेहऱ्यावर तांब्याचे पातळ पत्रे बारीक खिळ्यांनी ठोकून बसवलेले, आणि डोक्यावर वेताच्या विणलेल्या गोळ्यांचा झुबका. नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात, दारातून आत आलं की सरळ नजरेत भरेल अशा भिंतीवर तो बारा-चौदा वर्षं टांगलेला होता.

शालिकराम युनोच्या फौजेबरोबर गेलेल्या दवाखान्यात नर्सिंग अर्दली म्हणून काँगोला गेला होता. त्याच्या बरोबरीचे लोक येताना घड्याळं घेऊन आले, ट्रान्झिस्टर घेऊन आले. एकानं तर बायकोसाठी नायलॉनच्या साड्या आणल्या आणि तिनं त्या वस्तीभर मिरवल्या. शालिकरामनं ट्रंकेतून हे काढलं. त्या दिवशी बायजाबाई जे ओरडली ते मागच्या गल्लीत ऐकू गेलं. पुढं तिनं रागानं विचारलं, समजुतीनं विचारलं, जेवताना, झोपताना विचारलं, की हे कोणी दिलं, काहून आणलं आणि घरात कशाला पाहिजे. पालथ्या घड्यावर पाणी. ‘तो पेटीत राहणार नाही, भिंतीवर राहीन,’ हे एकच वाक्य त्याच्याजवळ होतं.

भुताखेताला ती भीत नव्हती. उत्तरा तर त्या मुखवट्याखाली बसून पाढे पाठ करत मोठी झाली, तिला त्याच्या दातांची कधी भीती वाटली नाही. बायजाबाईची धास्ती वेगळीच होती. छप्पन साली या घरानं दीक्षा घेतली, घरातले सगळे देव कन्हान नदीत सोडले, आणि त्यानंतर समोरच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, या दोन तसबिरींशिवाय काही लागलं नाही. एवढं सगळं धुऊन पुसून स्वच्छ केलेलं घर, आणि त्यात हे तोंड. बरं, नुसतं तोंड असतं तरी म्हणता आलं असतं की परदेशातली शोभेची वस्तू आहे. पण त्याच्या कपाळावर कुंकू असायचं.

हे कळलं तेच मुळी नुकसान झाल्यावर. गेल्या वर्षी कामठीचं स्थळ आलं होतं. मुलाच्या मामानं चहा पिता पिता वर पाहिलं, बशी खाली ठेवली, आणि आठवड्याच्या आत निरोप आला की ज्या घरी अजून देव पुजतात तिथं सोयरीक करायची नाही. बायजाबाईनं स्टुलावर चढून पाहिलं तर तांब्याच्या पत्र्यावर, बरोबर कपाळाच्या मध्यावर, कुंकवाचं बोट. तिनं डोक्याला हात लावला. शेजारची कांताबाई उपासतापास करणारी, नातू तापातून उठला तेव्हा ती या मुखवट्याला लांबून हात जोडून गेली होती. मग दुसरं कोण असणार. नळावर बायजाबाईनं तिला चारचौघींत असं काही सुनावलं की त्या दिवसापासून कांताबाईनं बोलणं टाकलं. कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. महिनाभरानं पुन्हा दिसलं. पुन्हा पुसलं. कांताबाई आता उंबऱ्यातसुद्धा पाय ठेवत नव्हती, तरी कुंकू यायचं ते यायचंच. बायजाबाई नळावर जातानासुद्धा दाराला कडी लावून जाऊ लागली, तर आत खाटेवर बसलेले सासरे, धोंडबा, म्हणायचे की मले कोंडून काहून जातं वं, मी का बकरी हाओ.

आणि आता नत्थूजी येणार होते. नत्थूजी मूळचे कुहीकडचे, रेल्वेत नोकरीला, आणि आपल्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी भाषण करणारे. माणूस सरळ, पण कडक. एका लग्नात नवरीला हळद लावलेली दिसली तर ते ताटावरून उठून आले होते, ही गोष्ट सगळ्या उत्तर नागपुरात माहीत होती. त्यांचा मुलगा गिरिधर तारघरात कारकून होता. उत्तरा शाळेत शिकवत होती. दोघं विहाराच्या वाचनालयात एकमेकांना पाहून होते. उत्तरानं तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण आज सकाळी तिनं एका साडीला दोनदा इस्त्री केली होती, आणि आईला तेवढं पुरे होतं. हे स्थळ हातचं गेलं तर पुढं कोण येणार होतं? लोक एकदा विचारतील, दोनदा विचारतील, मग म्हणतील की त्या घराचं काहीतरी आहे.

कांदा चिरून झाला तेव्हा तिला युक्ती सुचली. मुखवटा निघत नाही तर न निघो. तिनं सगळ्या खुर्च्या उचलल्या आणि मुखवट्याच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून मांडल्या. आता पाहुणे बसले की त्यांच्या तोंडासमोर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि राक्षस पाठीमागं, डोक्याच्या वर. येताना कुणी वर पाहू नये म्हणून ती स्वतः दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत बोलत त्यांना आत आणणार होती. उत्तरानं हा बंदोबस्त पाहिला आणि म्हणाली की आई, उठताना काय करशील? बायजाबाई म्हणाली की उठेपर्यंत पोरगी पसंत झालेली असते, तू तुझं पाह्य.

चारच्या आधीच ते आले. नत्थूजी, त्यांच्या पत्नी इंदुताई आणि गिरिधर. बायजाबाईनं दारातच उन्हाची, बसची, कुहीच्या धानाची चौकशी सुरू केली आणि तिघांना बोलण्यात गुंतवून थेट खुर्च्यांपर्यंत आणलं. गिरिधर बसला. इंदुताई बसल्या. नत्थूजी बसता बसता थांबले. समोर खाटेवर धोंडबा भिंतीला टेकून बसले होते, ऐंशीच्या घरातले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. नत्थूजी म्हणाले की बुजुर्ग माणूस खाटेवर अन् आपण खुर्चीवर, हे बरं दिसत नाही. आणि ते सरळ जाऊन धोंडबांच्या शेजारी खाटेवर बसले.

आता त्यांची पाठ बाबासाहेबांकडे होती आणि तोंड मुखवट्याकडे. बायजाबाईला तिथल्या तिथं भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

नत्थूजींनी आधी वर पाहिलं नाही. त्यांनी धोंडबांना जय भीम केला. धोंडबांनीही थरथरते हात जोडून जय भीम केला, तेव्हा नत्थूजींनी ते जोडलेले हात प्रेमानं आपल्या हातात घेतले आणि त्यांची नजर तिथंच अडकली. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताचं एक बोट टोकाला लाल होतं. मग नत्थूजींनी मान वर केली. समोर तांब्याचं कपाळ होतं आणि त्याच्यावर ताजं कुंकू.

बायजाबाईनं पोह्याचं ताट हातात घेऊन हे सगळं पाहिलं. सकाळपासून तीनदा तो मुखवटा तिच्या हातात होता, तेव्हा कपाळ कोरं होतं. म्हणजे ती मागं पोहे परतत होती तेवढ्यात, तिनंच मांडलेल्या खुर्चीवर चाचपडत चढून. तिच्याच करंड्यातलं कुंकू. अन् त्या बिचाऱ्या कांताबाईला आपण चारचौघींत काय काय बोललो! आता तिच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं, हे एक, आणि समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं, हे दुसरं. शेजारणीनं लावलं असं सांगता आलं असतं, पण ते लाल बोट अजून नत्थूजींच्या हातात होतं.

"शालिकरामजी," नत्थूजी शांतपणे म्हणाले, "हे काय आहे?"

"मुखवटा आहे. काँगोचा. सालाम्पासू लोकांचा."

"ते दिसते. त्याच्या कपाळावर काय आहे, ते विचारून राहिलो मी."

शालिकरामनं बापाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात नवल नव्हतं. बायजाबाईला ते लगेच कळलं. याला माहीत होतं. हे कपाळ पुसता पुसता तिची बोटं झिजली, शेजारणीशी उभा दावा झाला, कामठीचं स्थळ गेलं, आणि या माणसाला सगळं माहीत होतं. तिचा नुसता संताप संताप झाला.

"मी लावलं," धोंडबा म्हणाले.

नत्थूजींनी त्यांचा हात सोडला नाही. आवाजही चढवला नाही. छप्पन साली मैदानावर तुम्ही होते का, असं त्यांनी विचारलं. होतो, पांढरं धोतर नेसून होतो, धोंडबा म्हणाले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या का? घेतल्या, आणि एकही मोडली नाही. नत्थूजींनी बोट वर करून भिंत दाखवली.

"मंग हे, दादाजी?"

"तो का देव हाये? पाहुना हाये तो," धोंडबा म्हणाले. "आपल्याकडं पाहुना आला त कुंकू लावते. जाताना लावते. हा त जात बी नाही."

खुर्चीवर गिरिधरच्या तोंडावर हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. नत्थूजी हसले नाहीत. मग शालिकराम बोलायला लागला. एवढी वर्षं एका वाक्यावर दिवस काढलेला माणूस, पण परक्यांपुढं त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्या दवाखान्यात पायाला गोळी लागलेला एक म्हातारा सालाम्पासू आणला होता. तो मुखवटा त्या म्हाताऱ्याचा. त्यांच्यात हा असा कुणालाही मिळत नाही, पराक्रमानं, पायरी पायरीनं मिळवावा लागतो, आणि तांब्याचा तर फार मोठ्या माणसाला. नुसतं त्याचं नाव घेतलं तरी गावातली बायापोरं पळत. म्हाताऱ्याचा मुलगा मिशनच्या शाळेत मास्तर झाला होता. आता हे सगळं सोडायचं, असं त्यानं ठरवलं होतं आणि घरातले बाकीचे मुखवटे जाळले होते. म्हाताऱ्याचा मुलावर राग नव्हता. पोरगा शिकला, त्याला जे बरोबर वाटलं ते त्यानं केलं, असं तो दुभाष्याकरवी सांगायचा. फक्त हा एक त्यानं घोंगडीत गुंडाळून दवाखान्यात आणला होता, आणि शालिकराम पट्टी बदलायला गेला की तो उशाखालून काढून दाखवायचा. मरायच्या आदल्या दिवशी त्यानं तो शालिकरामच्या हातात दिला. दुभाष्या म्हणाला, तो म्हणून राहिला की पेटीत ठेवू नको, जिथं माणसं जेवतात, बोलतात, तिथं ठेव.

"त्यानं मलेच काहून दिला, मले नाही माहीत," शालिकराम म्हणाला. "पण मी नाही म्हणू नाही शकलो."

धोंडबा मान हलवत होते. घरी आल्यावर ही हकीकत शालिकरामनं बापाला सांगितली होती, हे उघडच होतं. त्यांनी आपल्या भाषेत आणखी थोडं जोडलं. तो बी म्हातारा, मी बी म्हातारा. मी माह्या पोराच्या घरी राहतो, तो बी माह्याच पोराच्या घरी राहते. त्याचे लोकं दूर, त्याले कोन इचारते? म्हणून आठवण झाली की लावतो एक बोट.

बायजाबाईनं ताट दिवाणावर ठेवलं. तिला रडू येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

"मले काहून नाही सांगितलं?" पाहुण्यांच्या समोरच तिनं नवऱ्याला विचारलं.

"तू विचारलं कुठं? आल्या आल्या ओरडली," तो म्हणाला. "मंग मी बी नाही सांगितलं."

म्हणजे कारण एवढंच. त्या दिवशी ती ओरडली म्हणून. पुढं तिनं हजारदा विचारलं ते यांच्या हिशेबात धरायचंच नाही. अशा माणसाशी भांडावं तर भांडायला हाताला काही लागत नाही, आणि न भांडावं तर डोकं फुटतं.

नत्थूजींनी सगळं नीट ऐकलं होतं. मग त्यांनी खाटेवरून उठून खुर्चीत बसत अगदी समजुतीनं सांगितलं की त्यांना स्वतःला आता काही शंका राहिली नाही. हा देव नाही, ही पूजा नाही. दादाजींचा भाव चांगला आहे. पोरगी शिकलेली आहे, गिरिधरची आवड त्यांना माहीत आहे. पण लग्नात पाचशे लोक येतील, त्यातले शंभर या घरात पाणी प्यायला येतील, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला ही काँगोची गोष्ट सांगत कोण बसणार? लोक बाहेर जाऊन एकच सांगतील, की दुसऱ्याला उपदेश करणाऱ्या नत्थूजीनं देववाल्याच्या घरची सून केली.

"लग्न होईपर्यंत काढून ठेवा," ते म्हणाले. "मंग पुन्हा लावा. माझं काही म्हणणं नाही."

यात वावगं काहीच नव्हतं. हेच तर बायजाबाई सकाळपासून सांगत होती. इंदुताईंनी सुटकेचा श्वास टाकला. आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या उत्तरानं बापाकडे पाहिलं, आणि शालिकरामनंही तिच्याकडे पाहिलं. तिच्या अंगावर ती दोनदा इस्त्री केलेली साडी होती.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि उठला.

पाहुण्यांनी खुर्च्या सरकवून जागा केली. त्यानं स्टूल ओढलं, वर चढला आणि दोन्ही हातांनी मुखवटा खिळ्यावरून उचलला. एवढ्यात धोंडबा खाटेवरून उतरले. चाचपडत भिंतीशी आले, स्टुलाखाली उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात ओंजळीसारखे वर केले.

"दे," ते म्हणाले. "मी धरतो."

बायजाबाईनं हे आधी पाहिलं होतं. याच घरात, याच दारातून. तेव्हा उत्तरा तिच्या कडेवर होती. शालिकराम सुट्टीवर आला होता, तो असाच वर चढून फळीवरचा एकेक देव काढून देत होता आणि धोंडबा खाली उभे राहून असेच ओंजळीत घेत होते. एकदाही त्यांचा हात कापला नाही. सगळे देव टोपलीत भरून त्यांनी स्वतः कन्हानला नेले, आणि परत आल्यावर रिकाम्या फळीची जागा स्वतः शेणामातीनं लिंपून टाकली. तेव्हा जे केलं ते बरोबरच होतं. आज कुणी विचारलं तरी ती हेच सांगेल, आणि म्हाताराही हेच सांगेल. कुणी दारात उभं राहून काढा म्हटलं म्हणून ते काढले नव्हते. चार लोक काय म्हणतील, याचा तर त्या दिवशी कुणाच्या मनात विचारही आला नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली.

शालिकराम मुखवटा धरून तसाच थांबला.

"राहू द्या म्हणते ना मी. लावा तठीच."

"अवं, सकाळपासून तूच त..."

"हो, मीच. बारा वर्षं मी सांगून राहिली, तवा नाही निघालं. अन् आता एका कप चहात निघते?" तिचा आवाज चढला होता, आणि तिनं तो उतरवायचा प्रयत्नही केला नाही. "दर जयंतीले या भिंतीले चुना मी लावते. हे मांडीवर घेऊन याच्या दातातले जाळे मी काढते. काढाचं असतं त मी काढलं असतं." मग ती नत्थूजींकडे वळली. त्यांच्याशी ती रागानं बोलली नाही, पण पदर डोक्यावरून घसरला होता तो तिनं सावरलाही नाही. "भाऊ, तुमचं चुकीचं नाही. पण छप्पनले आमी देव काढले, ते कोणाच्या भेवानं नाही काढले. आमच्या मनानं काढले. हे आता लोकांच्या भेवानं काढाचं म्हणता. मंग तवाचं बी तसंच होतं, असं होते ना?"

गिरिधर आता हसत नव्हता. तो बायजाबाईकडे पाहत होता, आणि मग त्यानं आपल्या बापाकडे पाहिलं. नत्थूजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. रविवारच्या भाषणांत अशा प्रश्नांना ते भरपूर उत्तरं देत. पण त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि तो घडी करून परत खिशात ठेवला.

"कळवतो," ते उठत म्हणाले.

कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या आईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. बायजाबाई त्यांना सोडायला दारापर्यंत गेली. इंदुताईंनी तिचा हात धरल्यासारखा केला आणि सोडला. नत्थूजींनी पायरीवर उभं राहून धोंडबांना पुन्हा एकदा जय भीम केला, मनापासून केला, आणि गल्लीतून निघाले. गिरिधर एकदा मागं वळला, पण दारात उत्तरा नव्हती, तिची आईच होती.

आत शालिकराम मुखवटा खिळ्याला लावून स्टुलावरून उतरला होता. तो वाकडा लागला होता आणि त्याला ते कळत होतं, पण पुन्हा वर चढायची त्याची हिंमत होत नव्हती. बायजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचा सगळा राग निघून गेला होता. काय करून बसलो आपण! पोरीचं चांगलं जमत आलेलं, तो माणूस रास्त बोलत होता, आणि आपण तोंड सोडलं. एवढी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यापायी.

उत्तरा कपबशा गोळा करत होती. पोह्यांना कुणी हात लावला नव्हता. तिचे डोळे लाल होते, पण हात नेहमीच्या शिस्तीत चालत होते.

"आई," ती म्हणाली, "असंच बोलायचं होतं तर सकाळीच बोलायचं ना. मी इस्त्री तरी केली नसती."

बायजाबाईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. उत्तरानं तो झटकला नाही, तशीच थोडा वेळ उभी राहिली, आणि मग कपबशा घेऊन आत गेली. शालिकराम तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथं उगीच उभा राहिला.

धोंडबा पुन्हा खाटेवर जाऊन बसले होते. मोतीबिंदूमुळं त्यांना या वेळी दारातला उजेड तेवढा दिसायचा, माणसं दिसत नसत. त्यांनी मान वळवून खोलीचा अंदाज घेतला.

"गेले का वं पाहुने?"

बायजाबाई खाटेच्या कडेला, त्यांच्या शेजारी बसली. भिंतीवर तो वाकडाच टांगलेला होता.

"एक राहिला, मामाजी," ती म्हणाली.